एलजीबीटी लघुपट महोत्सव नेमकं काय काम करतात? मुंबई-पुण्याचा हा पडदा नांदेड-लातूरला का महत्त्वाचा आहे?

'कशिश', 'क्विअर फिल्म फेस्टिव्हल', 'प्राइड स्क्रीनिंग' असे शब्द दरवर्षी मे-जूनच्या सुमारास सोशल मीडियावर फिरू लागतात. सप्तरंगी पोस्टर दिसतं, रेड कार्पेटवरचे फोटो दिसतात आणि खाली कॉमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "यांना वेगळा महोत्सव कशाला हवा?"

हा प्रश्न अनेकदा चिडून विचारला जातो, पण त्याचं उत्तर सरळ आहे. ते कळण्यासाठी हे महोत्सव कसे सुरू झाले, त्यात लघुपटांना एवढं महत्त्व का, पडद्यामागे कोणतं सामाजिक काम चालतं आणि नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांसाठी त्याचा अर्थ काय, हे पाहावं लागेल.

थोडक्यात महत्त्वाचं

- महाराष्ट्रातला सर्वांत मोठा एलजीबीटी चित्रपट महोत्सव 'कशिश' 2010 पासून दरवर्षी मुंबईत होतो.
- सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवण्यासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते.
- 6 सप्टेंबर 2018 पासून दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतात गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला मात्र कायदेशीर मान्यता नाही.
- महोत्सवासोबत आरोग्य, समुपदेशन, पालकांचे गट आणि कायदेशीर मदत असं काम जोडलेलं असतं. छोट्या शहरांना याच भागाची सर्वाधिक गरज आहे.

एलजीबीटी म्हणजे नेमकं कोण?

'एल' म्हणजे लेस्बियन, स्त्रीबद्दल आकर्षण असलेली स्त्री. 'जी' म्हणजे गे, पुरुषाबद्दल आकर्षण असलेला पुरुष. 'बी' म्हणजे बायसेक्शुअल, उभयलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती. 'टी' म्हणजे ट्रान्सजेंडर. जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख जुळत नाही, अशी व्यक्ती. मराठीत त्यासाठी पारलिंगी हा शब्द आहे आणि सरकारी कागदपत्रांत 'तृतीयपंथी' हा शब्द सर्रास वापरला जातो. 'क्विअर' हा या सगळ्यांना सामावून घेणारा शब्द आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. आपण कोण आहोत ही लिंगओळख झाली आणि कोणाबद्दल आकर्षण वाटतं हा लैंगिक कल झाला. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. गावाकडे 'गे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साडी नेसलेली व्यक्ती येते, ती याच घोळामुळे. प्रत्यक्षात समलिंगी पुरुष शेजारच्या दुकानात बसणारा, बँकेत काम करणारा किंवा शिक्षक असलेला कोणीही असू शकतो.

2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष वगळता 'इतर' या रकान्यात देशभरात सुमारे 4 लाख 88 हजार आणि महाराष्ट्रात सुमारे 41 हजार जणांची नोंद झाली. ही नोंद लिंगओळखीशी संबंधित आहे. समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींची मोजणी जनगणनेत झालेली नाही.

अशा महोत्सवांची सुरुवात कुठून झाली?

जगातला सर्वांत जुना एलजीबीटी चित्रपट महोत्सव अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 1977 साली सुरू झाला. आज तो 'फ्रेमलाइन' या नावाने ओळखला जातो. बर्लिनच्या प्रसिद्ध चित्रपट महोत्सवात 1987 पासून अशा चित्रपटांसाठी 'टेडी' हा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो.

भारतात 1996 साली रियाद वाडिया यांनी 'बॉमगे' हा छोटा चित्रपट केला. कवी आर. राज राव यांच्या कवितांवर आधारलेली ही फिल्म समलिंगी जीवनावरच्या सुरुवातीच्या भारतीय फिल्म्सपैकी मानली जाते. त्याच वर्षी दीपा मेहता यांचा 'फायर' तयार झाला. तो भारतात 1998 मध्ये प्रदर्शित झाला आणि डिसेंबर 1998 मध्ये मुंबईत काही चित्रपटगृहांची तोडफोड झाली. सेन्सॉर बोर्डाने संमत केलेला चित्रपटसुद्धा थिएटरात सुरक्षित नव्हता, असा तो काळ.

2003 साली मुंबईत 'लर्झिश' हा लैंगिकता आणि लिंगभावावरच्या चित्रपटांचा महोत्सव झाला. त्याच वर्षी श्रीधर रंगायन यांचा 'गुलाबी आईना' तयार झाला. त्याला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. मग तो परदेशातल्या महोत्सवांत दाखवला गेला, पण ज्या मुंबईत तो घडला तिथल्या प्रेक्षकाला तिकीट काढून तो पाहण्याची सोय नव्हती.

वेगळा महोत्सव कशाला, याचं पहिलं उत्तर इथे मिळतं. नेहमीच्या थिएटरात जागा नव्हती, म्हणून वेगळी जागा तयार करावी लागली. पुढे कोलकात्यात 'डायलॉग्ज', बंगळूरमध्ये 'बंगळूर क्विअर फिल्म फेस्टिव्हल', चेन्नईत 'रील डिझायर्स' असे महोत्सव उभे राहिले.

'कशिश' काय आहे?

2009 च्या 2 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल 2010 मध्ये, मुंबईत 'कशिश'ची पहिली आवृत्ती झाली. श्रीधर रंगायन हे त्याचे संस्थापक आणि महोत्सव संचालक. सागर गुप्ता आणि हमसफर ट्रस्टचे विवेक आनंद हे सुरुवातीपासूनचे सहकारी.

'कशिश'ने सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवून केल्या. पहिली, महोत्सव एखाद्या संस्थेच्या खोलीत न ठेवता सर्वसामान्य लोक जिथे सिनेमा पाहतात अशा थिएटरात ठेवला. दुसरी, सरकारकडून रीतसर परवानगी घेतली. पुढे मरीन लाइन्सजवळचं जुनं 'लिबर्टी' चित्रपटगृह हे त्याचं ठळक ठिकाण झालं. करोनाच्या काळात महोत्सव ऑनलाइन झाला. 2024 मध्ये त्याची पंधरावी आवृत्ती पार पडली.

महोत्सवात देशोदेशीचे पूर्ण लांबीचे चित्रपट, माहितीपट आणि लघुपट असतात. लघुपटांचे गट करून दीड-दोन तासांचा एकेक खेळ लावला जातो. नव्या भारतीय दिग्दर्शकासाठी रियाद वाडिया यांच्या नावाने पुरस्कार आहे. भारतीय दिग्दर्शकांना नवा लघुपट करता यावा म्हणून 'क्यूदृष्टी' नावाचं अनुदान आहे. 'कशिश फॉरवर्ड' या उपक्रमातून निवडक चित्रपट महाविद्यालयांत नेले जातात आणि खेळानंतर विद्यार्थ्यांशी चर्चा होते.

पुण्यातलं काम वेगळं कसं?

मुंबईच्या महोत्सवाची भाषा बऱ्याच अंशी इंग्रजी-हिंदी आहे. मराठीतून हे काम उभं करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. 'पार्टनर' ही कादंबरी आणि 'इंद्रधनु' हे माहितीपर पुस्तक अशा मराठी लेखनातून त्यांनी लैंगिकतेवर सोप्या भाषेत माहिती दिली. पुण्यातली पहिली प्राइड पदयात्रा 11 डिसेंबर 2011 रोजी निघाली. समपथिकने 'आउट अँड लाउड' हा पुण्यातला क्विअर चित्रपट महोत्सवही सुरू केला.

याचं महत्त्व भाषेत आहे. लातूर किंवा नांदेडच्या आईवडिलांना मुलाचं म्हणणं समजून घ्यायचं असेल तर हातात मराठी पुस्तक हवं आणि समोर मराठी बोलणारा माणूस हवा. 'सेक्शुअल ओरिएंटेशन' हा शब्द ऐकून त्यांच्या मनातली भीती कमी होत नाही.

लघुपटच का?

पहिलं कारण पैसा. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला निर्माता, वितरक आणि थिएटर लागतं. लघुपट मित्रमंडळी जमवून, उसन्या कॅमेऱ्यावर, दोन-चार दिवसांत चित्रित होऊ शकतो. ज्या विषयावर निर्माता पैसा घालायला तयार नसतो, तो विषय आधी लघुपटात येतो.

दुसरं कारण चर्चा. पंधरा मिनिटांच्या तीन-चार फिल्म्स एका तासात दाखवता येतात आणि बोलायला वेळ उरतो. शाळा-महाविद्यालयाच्या वेळापत्रकात किंवा एखाद्या संस्थेच्या बैठकीत हेच बसतं.

तिसरं कारण, लघुपटातून दिग्दर्शक घडतो. रोहन कानवडे यांचं उदाहरण ताजं आहे. त्यांच्या 'उ उषाचा' या 2019 च्या मराठी लघुपटात शेतमजुरी करणारी एक निरक्षर, एकटी आई आहे. तिला गावातल्या शाळेच्या शिक्षिकेबद्दल आकर्षण वाटू लागतं आणि त्यातून तिला लिहिणं-वाचणं शिकावंसं वाटतं. शहर नाही, इंग्रजी नाही, पार्टी नाही. शेत, शाळा आणि पाटी आहे.

याच कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. तिथे त्याला जागतिक कथापट विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या यांची ही गोष्ट. सप्टेंबर 2025 मध्ये हा चित्रपट भारतातल्या थिएटरांत आला. रवी जाधव यांच्या 'मित्रा' या लघुपटालाही सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. तो विजय तेंडुलकरांच्या लेखनावर बेतलेला आहे.

मराठी पडद्यावर हे आधी नव्हतंच का?

होतं, पण वेगवेगळ्या रूपांत. जब्बार पटेल यांच्या 1982 च्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांमधल्या संबंधांचा प्रसंग आहे. राजीव पाटील यांचा 2009 चा 'जोगवा' देवाला वाहिलेल्या जोगत्याची गोष्ट सांगतो. त्यासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2010 च्या 'नटरंग'मध्ये तमाशात नाच्याचं काम करणाऱ्या कलावंताला गाव कसं वागवतं हे दिसतं. तो नायक समलिंगी नाही, तरी 'बायकी' दिसण्याची शिक्षा त्याला भोगावी लागते.

मराठवाड्याला हे जग परकं नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूरगडची रेणुका नांदेड जिल्ह्यातच आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात आणि लोककला सादर होतात. बायकी वेशातला कलावंत रंगमंचावर पाहायला माणसं गर्दी करतात. तोच माणूस स्टेजवरून उतरून घर भाड्याने मागायला गेला की दार बंद होतं. स्वीकार आणि नकार असे एकाच गावात शेजारी-शेजारी नांदत असतात.

महोत्सवामागचं सामाजिक काम कोणतं?

*आरोग्य :* अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या हमसफर ट्रस्टचं काम एचआयव्ही प्रतिबंधापासून वाढत गेलं. तपासणी, समुपदेशन, भेटण्याची सुरक्षित जागा असं ते स्वरूप आहे. एचआयव्हीची तपासणी मात्र मुंबईपुरती नाही. जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व तपासणी केंद्रांत, म्हणजे आयसीटीसीत, ती मोफत होते आणि अहवाल गोपनीय ठेवला जातो.

*पालक :* 2017 मध्ये मुंबईत 'स्वीकार' हा एलजीबीटी मुलांच्या पालकांचा गट सुरू झाला. मुलाचं सत्य कळल्यावर पालकांनाही कोणाशी बोलता येत नाही. "आपल्या संस्कारात काय कमी पडलं?" हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही. तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा दुसऱ्या आईचा अनुभव तिथे जास्त उपयोगी पडतो. श्रीधर रंगायन यांचा 'इव्हिनिंग शॅडोज' हा चित्रपटही छोट्या गावातल्या आईला मुलाचं सत्य कळतं तेव्हा काय होतं, याबद्दलच आहे.

*कायदा :* पोलिसांकडून त्रास, ब्लॅकमेल, घरातून जबरदस्तीने लग्न, ओळखपत्रावरचं नाव बदलणं अशा कामांत मदत लागते. महोत्सवाच्या निमित्ताने अशा संस्थांची माहिती प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

चित्रपट पाहून रडू आलेला एखादा मुलगा थिएटरबाहेर पडल्यावर कोणाशी बोलणार? या प्रश्नाची तयारी आयोजकांनी ठेवलेली असेल तर महोत्सवाचा उपयोग तिथून पुढे सुरू होतो.

नांदेड-लातूरमध्ये काय वेगळं आहे?

नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे 600 किलोमीटर आहे. लातूरहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. तीन दिवसांच्या महोत्सवाला जायचं म्हणजे तिकीट, राहण्याचा खर्च आणि त्याहून अवघड गोष्ट, घरी सांगायचं कारण. नोकरीची परीक्षा, मित्राचं लग्न असं काहीतरी सांगून निघावं लागतं.

दुसरा मुद्दा ओळखीचा. मुंबईत थिएटरबाहेर उभं राहिल्याने कोणी ओळखत नाही. नांदेड किंवा लातूरमध्ये सभागृहाच्या दारात गाडी लावली की तासाभरात घरी फोन जाऊ शकतो. एखाद्याची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड होणं म्हणजे कधी शिक्षण बंद होणं, कधी घाईने लग्न लावून दिलं जाणं, तर कधी घर सुटणं. या लग्नात त्या मुलाइतकंच, अनेकदा त्याहून जास्त, नुकसान काहीच माहीत नसलेल्या मुलीचं होतं.

तिसरा मुद्दा वयाचा. 'लातूर पॅटर्न'मुळे दहावीनंतर मराठवाड्यातली हजारो मुलं लातूरला शिकवणीसाठी येतात, वसतिगृहात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. स्वतःबद्दलचे प्रश्न याच वयात पडू लागतात आणि नीट उत्तर देणारं माणूस जवळ नसतं. मोबाइल असतो, पण त्यावर माहितीइतकीच टिंगल आणि फसवणूकही असते. डेटिंग अॅपवर ओळख काढून, भेटायला बोलावून, फोटो व्हायरल करण्याची धमकी देत पैसे उकळणं हा प्रकार अनेक शहरांत पोलिसांपर्यंत गेला आहे. बदनामीच्या भीतीने तक्रार होत नाही, हे फसवणाऱ्यांना माहीत असतं.

जमेची बाजूही आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि लातूरमध्येही 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. म्हणजे चांगला सिनेमा पाहायला जमणारा प्रेक्षक इथे आहे. बदलाची उदाहरणंही दूरची नाहीत. शेजारच्या बीड जिल्ह्यातले पोलीस कर्मचारी ललित साळवे यांनी 2018 मध्ये शासनाची परवानगी मिळवून लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले. त्याची बातमी मराठवाड्यात घरोघर वाचली गेली.

जिल्ह्याच्या ठिकाणी लघुपट दाखवायचे असतील तर?

पाच गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

1. प्रमाणपत्र : चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. लघुपटांनाही हा नियम आहे. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी महोत्सवाच्या आयोजकांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी चित्रपटांची यादी, कथासार आणि निवड समितीची माहिती द्यावी लागते. मग ते चित्रपट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींना दाखवता येतात. अशा महोत्सवांत प्रवेश साधारणपणे 18 वर्षांवरच्यांनाच असतो.

2. हक्क : ओटीटीवर चित्रपट आहे म्हणून तो स्वतःच्या खात्यावरून सभागृहात लावता येत नाही. निर्मात्याची लेखी परवानगी हवी. लघुपटांचे दिग्दर्शक शैक्षणिक खेळासाठी बऱ्याचदा आनंदाने परवानगी देतात. विचारावं मात्र लागतं.

3. गोपनीयता : नोंदणीला खरं नाव आणि फोन नंबर सक्तीचा केला तर ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे तेच येणार नाहीत. प्रेक्षकांचे फोटो काढू नयेत, थेट प्रक्षेपण करू नये आणि हे आधीच जाहीर करावं. कार्यक्रम 'समाज आणि सिनेमा' अशा व्यापक नावाने ठेवला, तर आत येणाऱ्या प्रत्येकावर शिक्का बसत नाही.

4. निवड : मृत्यू, मारहाण आणि आत्महत्या एवढंच दाखवणाऱ्या फिल्म्सचा खेळ ठेवला तर आलेला मुलगा जास्तच घाबरून जातो. घर, नोकरी, मैत्री, म्हातारपण दाखवणाऱ्या फिल्म्सही हव्यात. मराठी फिल्म नसेल तर मराठी उपशीर्षकं हवीत.

5. चर्चा : खेळानंतर बोलायला समुपदेशक आणि वकील हवेत. "तुमच्यापैकी कोण आहे?" असा प्रश्न मंचावरून कधीही विचारू नये. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता लिहून घेणं हा साधा आणि चालणारा उपाय आहे.

18 वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा मार्ग आहे. प्रमाणपत्र मिळालेले, त्या वयाला योग्य असे चित्रपट शाळा-महाविद्यालयात दाखवता येतात. मात्र त्याहून आधी शिक्षक आणि वसतिगृहाचे रेक्टर यांच्याशी बोलणं जास्त गरजेचं आहे. वर्गात एखाद्याला चिडवलं जात असेल तर ते थांबवायला महोत्सवाची वाट पाहावी लागत नाही.

कायदा आज काय म्हणतो?

- 11 डिसेंबर 2013 : सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निर्णय फिरवला. समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले.
- 15 एप्रिल 2014 : 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख आणि हक्क मान्य केले.
- 6 सप्टेंबर 2018 : 'नवतेज सिंग जोहर' प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध कलम 377 मधून वगळले.
- 10 जानेवारी 2020 : तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019 लागू झाला. तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यात जिल्हाधिकाऱ्यांना आहे आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करता येतो. अर्ज करण्याआधी नियमांतले ताजे बदल पाहून घ्यावेत.
- 17 ऑक्टोबर 2023 : समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. हा विषय संसदेचा असल्याचं म्हटलं.
- 1 जुलै 2024 : भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम 377 नाही. त्यामुळे एक पोकळीही तयार झाली. पुरुषावर जबरदस्तीने झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी पूर्वी हेच कलम लावलं जात असे आणि त्याच्या जागी नवं कलम आलेलं नाही.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये राज्याच्या तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली.

समलिंगी कल हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये तो आजारांच्या यादीतून काढला. तो 'बरा' करण्याच्या नावाखाली दिले जाणारे उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही "लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल" हा सल्ला आजही दिला जातो. औषध, शॉक, अंगारा किंवा लग्न यांपैकी कशानेही कल बदलत नाही.

मग वेगळा महोत्सव हवा का?

ज्या दिवशी 'उ उषाचा'सारखी फिल्म नांदेडच्या नेहमीच्या थिएटरात किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सहज दाखवली जाईल, त्या दिवशी वेगळ्या महोत्सवाची गरज कमी होईल. तोपर्यंत हा पडदा दोन प्रकारच्या लोकांच्या उपयोगाचा आहे. एक, "माझ्यासारखं दुसरं कोणी नाही" असं वाटणारे. दुसरे, "आमच्या गावात असलं काही नाही" असं म्हणणारे. बऱ्याचदा हे दोघे एकाच घरात राहत असतात.

मदत कुठे मिळेल?

- मानसिक ताण, एकटेपणा किंवा आत्महत्येचे विचार : टेलि-मानस, 14416. मोफत, 24 तास, मराठीतही.
- 18 वर्षांखालच्या मुलांना घरात किंवा बाहेर त्रास होत असल्यास : 1098.
- मोफत कायदेशीर सल्ला : विधी सेवा प्राधिकरण, 15100. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय असतं.
- ऑनलाइन ब्लॅकमेल किंवा पैशांची फसवणूक : सायबर हेल्पलाइन, 1930. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट जपून ठेवा.
- तातडीचा धोका असल्यास : 112.

एखाद्या मित्राने किंवा मुलाने विश्वासाने तुम्हाला सांगितलं असेल, तर ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.